सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटरमधले नको असलेले टोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांची शेवटच्या वर्षाची मुलं, घरच्या खोलीत भजनं नि पॉडकास्ट रेकॉर्ड करणारी मंडळी आणि स्वतःचा डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र) स्वतः बांधणारे हौशी लोक यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सिग्मा-डेल्टा म्हणजे नेमकं काय? माझ्या साध्या यूएसबी माइकमध्येही ते असतं का?

बहुतेक असतंच. आजच्या ऑडिओ एडीसी (आवाजाच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या) आणि डॅक चिपांपैकी जवळपास सगळ्या याच पद्धतीवर चालतात. मोबाइलमधला इवलासा डिजिटल माइकही थेट १-बिटचा सिग्मा-डेल्टा प्रवाह बाहेर देतो.

कल्पना अशी: दर नमुन्याला १६ किंवा २४ बिट अचूक मोजण्याऐवजी अगदी ढोबळ मोजायचं, पण फार वेगाने. प्रत्येक ढोबळ मापात झालेली चूक पुढच्या मापात वळती करून घ्यायची. त्यामुळे चुकीचा बहुतेक भाग ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर, उंच फ्रीक्वेन्सीकडे ढकलला जातो आणि पुढचा डिजिटल फिल्टर तो कापून टाकतो. यालाच नॉइज शेपिंग म्हणतात. १९६२ मध्ये टोकियो विद्यापीठात इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी ही रचना मांडली. १९९९ मध्ये आलेल्या सुपर ऑडिओ सीडीत तर हा १-बिट प्रवाह जसाच्या तसा साठवला जातो. त्याचा वेग ४४.१ किलोहर्ट्झच्या ६४ पट, म्हणजे २.८२२४ मेगाहर्ट्झ. खालच्या सगळ्या उदाहरणांत मी हाच क्लॉक, म्हणजे नमुने घेण्याचा वेग, धरला आहे.

२. इनपुटला काहीच नाही, तरी टोन कुठून येतो?

‘काहीच नाही’ इथेच पाणी मुरतं. इनपुटला शुद्ध शून्य कधी नसतं, काही मिलिव्होल्ट डीसी ऑफसेट, म्हणजे न हलणारं स्थिर व्होल्टेज, असतोच. स्थिर इनपुट मिळालं की मॉड्युलेटर (ढोबळ माप घेऊन चूक वळती करणारा भाग) ठरावीक साचा पुन्हा पुन्हा काढत बसतो.

कागदावर करून बघा. पहिल्या ऑर्डरचा, म्हणजे एकच बेरीज ठेवणारा, १-बिट मॉड्युलेटर घ्या. एक बेरीज ठेवायची. दर वेळी तिच्यात इनपुट मिळवायचं आणि मागचं आउटपुट वजा करायचं. बेरीज शून्य किंवा त्याच्या वर असेल तर आउटपुट +१, खाली असेल तर −१. इनपुट ०.२ धरा आणि शून्यापासून सुरू करा. बेरीज ०.२, म्हणून +१. मग ०.२ + ०.२ − १ = −०.६, म्हणून −१. पुढे ०.६, म्हणजे +१. मग −०.२, म्हणजे −१. मग १.०, म्हणजे +१. त्यानंतर बेरीज पुन्हा ०.२ येते आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. आउटपुट झालं: + − + − +, + − + − +, असंच शेवटपर्यंत. पाचांची सरासरी बरोबर ०.२, म्हणजे मोजमाप चोख आहे. पण दर पाच नमुन्यांनी येणारी ती जोडीची ‘++’ म्हणजे क्लॉकच्या एक पंचमांश फ्रीक्वेन्सीचा टोन.

पंचांगातला अधिक महिना असाच येतो. चांद्र आणि सौर वर्षातला फरक थोडा थोडा साचतो आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना घालून तो फेडावा लागतो. इथे साचलेला फरक जादा ‘+’ घालून फेडला जातो. फरक जितका लहान, तितकी ही फेड दूर दूरच्या अंतराने, आणि म्हणून टोन तितका खालच्या फ्रीक्वेन्सीचा. याला आयडल टोन म्हणतात.

३. टोन किती हर्ट्झचा येईल हे आधी काढता येतं का?

पहिल्या ऑर्डरसाठी अगदी सरळ: डीसीचं फुल स्केलशी (मोजता येणाऱ्या कमाल पातळीशी) प्रमाण गुणिले क्लॉक. वरच्या उदाहरणात ०.२ × २.८२२४ मेगाहर्ट्झ = ५६४.४८ किलोहर्ट्झ. वटवाघळालाही ऐकू येणार नाही.

आता फुल स्केल ±१ व्होल्ट धरा आणि ऑफसेट १ मिलिव्होल्ट. प्रमाण ०.००१, म्हणून टोन २८२२ हर्ट्झवर, कान जिथे सर्वांत तिखट असतो त्या भागात. त्याची उंचीही काढता येते. सुमारे दर १००० नमुन्यांनी एक जादा ठोका पडतो आणि अशा ठोक्यांच्या मालिकेत मूळ टोनचा ॲम्प्लिट्यूड डीसीच्या दुप्पट असतो. म्हणजे ०.००२, फुल स्केलच्या खाली ५४ डीबी. शिवाय ५६४५, ८४६७ अशा पटींवर जवळपास तितक्याच उंचीचे टोन, थेट २० किलोहर्ट्झपर्यंत, मूळ टोन धरून सात. ऑडिओसाठी हे अजिबात चालण्यासारखं नाही. म्हणूनच पहिल्या ऑर्डरचा १-बिट मॉड्युलेटर शिकायला उत्तम असला तरी गाणं रेकॉर्ड करायला कोणी वापरत नाही.

४. पण पुस्तकात तर क्वांटायझेशन नॉइज (ढोबळ मापातली चूक) व्हाइट, म्हणजे सगळीकडे सपाट पसरलेला, धरतात. मग पुस्तक चूक का?

पुस्तकाच्या अटी वाचल्या तर चूक नाही. १९४८ मध्ये बेनेट यांनी हे गृहीतक मांडलं तेव्हा अटी होत्या: पायऱ्या भरपूर हव्यात, त्या लहान हव्यात आणि सिग्नल त्यांच्यावरून मोकळेपणाने फिरता हवा. १-बिट क्वांटायझरला (ढोबळ माप देणाऱ्या भागाला) दोनच पायऱ्या, त्याही सगळ्या रेंजएवढ्या. एकही अट पाळली जात नाही. १९८९ मध्ये रॉबर्ट ग्रे यांनी पहिल्या ऑर्डरच्या मॉड्युलेटरला डीसी दिल्यावर स्पेक्ट्रम नेमका कसा दिसतो ते गणिताने सोडवून दाखवलं. तो सलग नसून सुट्या रेषांचा असतो.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मुलं व्हाइट नॉइजच्या सूत्राने एसएनआर (सिग्नलचं नॉइजशी प्रमाण) काढतात आणि तिथेच थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ते सूत्र एकूण चुकीची ऊर्जा बऱ्यापैकी सांगतं. ती ऊर्जा सपाट पसरली आहे की चार काट्यांवर उभी आहे, हे मात्र सांगत नाही, आणि कानाला नेमका तोच फरक कळतो.

५. टोन नॉइजच्या पातळीखाली आहे. मग ऐकू कसा येतो?

कारण ‘नॉइजची पातळी’ हा आकडा सगळ्या २० किलोहर्ट्झची बेरीज असतो आणि कान एवढी बेरीज करत नाही. १ किलोहर्ट्झजवळ कान जेमतेम १६० हर्ट्झ रुंदीच्या पट्टीतला नॉइज एकत्र धरतो. नॉइज सपाट असेल तर त्या पट्टीत एकूण नॉइजपेक्षा सुमारे २१ डीबी कमी नॉइज असतो. म्हणजे एकूण नॉइज −९५ डीबी आणि टोन −१०५ डीबी असला, तरी आवाज पुरेसा वाढवल्यावर तो टोन कानाला सापडू शकतो.

तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरत जातो तेव्हा तर हा टोन स्थिर न राहता सरकतो आणि स्पष्ट जाणवतो. चांगल्या रेकॉर्डिंगमधली शांतता हा संगीताचाच भाग आहे. तिथे अशी कुई नको म्हणूनच ही सगळी खटपट.

६. माइकचा नॉब शून्यावर आहे तरी बारीक शिट्टी येऊन राहिली. हाच तो टोन का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त येतो, कारण तेव्हा नागपुरात घरोघरी कूलर चालू असतात आणि त्यांच्या मोटारीचा सगळा कचरा त्याच लाइनवर असतो. आधी ही मंडळी वगळा.

५०, १०० किंवा १५० हर्ट्झ आणि त्यांच्या पटी असतील तर ती विजेची हम. अर्थिंग आणि केबल तपासा. नेमका १००० हर्ट्झ आणि त्याच्या पटी, किंवा नेमका ८००० हर्ट्झ असेल तर तो यूएसबीचा आवाज. फुल-स्पीड यूएसबी दर १ मिलिसेकंदाला आणि हाय-स्पीड दर १२५ मायक्रोसेकंदांना फ्रेम पाठवते, तीच सप्लायमधून झिरपते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतल्यावर शिट्टी गेली तर दोष चार्जरचा. बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) चांगला लिनियर सप्लाय किंवा यूएसबी आयसोलेटर आणलात तर काम भागतं.

आयडल टोनची खरी ओळख एकच: डीसी बदलला की तो जागा बदलतो. वरचे सगळे आवाज जागेवर ठाम राहतात. डॅक तपासणं सोपं आहे. २४-बिटची एक वेव्ह फाइल बनवा, तिच्यात शून्यापासून फुल स्केलच्या एक हजारांशापर्यंत मिनिटभरात सावकाश चढणारा डीसी ठेवा आणि आउटपुट ऐका. स्पीकरऐवजी हेडफोन, आणि आवाज सुरुवातीला कमी. टोन सायरनसारखा चढत गेला तर चोर सापडला. मात्र डॅकच्या आत डीसी काढणारा फिल्टर चालू असेल तर या चाचणीचा उपयोग नाही.

एडीसीला डीसी-कपल्ड इनपुट असेल तर मोठ्या रेझिस्टरमधून काही मिलिव्होल्ट घालून तेच करा. इनपुटला कपॅसिटर असेल तर बाहेरचा डीसी आत पोचत नाही. तेव्हा प्रीॲम्पचा गेन एक-एक पायरी बदला, किंवा बोर्ड चालू करून गरम होईपर्यंत रेकॉर्ड करत राहा. तापमानाबरोबर ऑफसेट सरकतो, आणि ४५ अंशांच्या दुपारी तर चांगलाच सरकतो. पहाटे स्वच्छ आणि दुपारी शिट्टी, अशी तक्रार असेल तर आयडल टोनचा संशय घ्यायला जागा आहे.

७. चिपमधला हाय-पास फिल्टर चालू केला, डीसी शून्य झाला. टोन का गेला नाही?

तो फिल्टर मॉड्युलेटरच्या नंतर बसतो. टोन त्याआधीच तयार झालेला असतो. आकड्यांमधून डीसी पुसला म्हणून मॉड्युलेटरच्या इनपुटवरचा ऑफसेट गेला नाही. उलट फिल्टर चालू असेल तर स्क्रीनवर ऑफसेट दिसत नाही आणि कारण शोधणं अवघड होतं. तपास करताना तो बंद ठेवा.

८. डिथर म्हणजे काय आणि तो कुठे घालायचा?

मुद्दाम मिसळलेला, सिग्नलशी संबंध नसलेला बारीक यादृच्छिक नॉइज. त्याने साचा मोडतो: जादा ‘+’ कधी नमुना लवकर, कधी उशिरा पडतो, आणि रेषेत गोळा झालेली ऊर्जा पसरते.

जागा महत्त्वाची. क्वांटायझरच्या अगदी तोंडाशी घातला तर डिथरलाही नॉइज शेपिंग लागू होतं आणि तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून बाहेर फेकला जातो. मॉड्युलेटरच्या मुख्य इनपुटला घातला तर तो सिग्नलसारखा सरळ आत येतो आणि नॉइज वाढवतो. किती घालायचा? मल्टिबिट (दोनहून जास्त पायऱ्यांच्या) क्वांटायझरला त्रिकोणी वितरणाचा, टोकापासून टोकापर्यंत २ एलएसबीचा (एलएसबी म्हणजे एक पायरी) डिथर दिला की चुकीची सरासरी आणि तिची पॉवर या दोन्ही सिग्नलवर अवलंबून राहत नाहीत. सामान्य क्वांटायझरसाठी हे सिद्ध झालेलं आहे.

९. मग १-बिटला तेवढाच डिथर घातला की झालं ना?

जागाच नाही. १-बिटमध्ये एक पायरी म्हणजे अख्खी रेंज. २ एलएसबीचा डिथर घातला तर क्वांटायझर डिथरनेच ओव्हरलोड होतो, गाण्याला जागा उरत नाही. याच मुद्द्यावर स्टॅनली लिपशिट्झ आणि जॉन व्हँडरकॉय यांनी २००१ मध्ये १-बिट पद्धत उच्च दर्जाच्या ऑडिओला योग्य नाही असा निबंध मांडला, आणि सुपर ऑडिओ सीडीभोवती मोठा वाद पेटला.

व्यवहारात अर्धवट डिथर घालतात, ऑर्डर वाढवतात (प्रश्न ११), आणि टोन इतके खाली जातात की बहुतेकांना ते ऐकू येत नाहीत. माझं मत विचाराल तर नव्याने डिझाइन करणाऱ्याने मल्टिबिटच घ्यावा. गणिताने हमी देता येते तिथे नशिबावर का सोडायचं?

१०. मुद्दाम मोठा ऑफसेट देऊन टोन २० किलोहर्ट्झच्या वर नेला तर?

जुनी युक्ती आहे आणि शांततेत चालते. प्रश्न ३ च्या हिशोबाने २०,००० ÷ २८,२२,४०० म्हणजे फुल स्केलच्या सुमारे ०.७ टक्के ऑफसेट पुरतो. पण सिग्नल सुरू झाला की तो पुन्हा शून्यातून आरपार जातो. शिवाय १/२, १/३ अशा सोप्या अपूर्णांकांच्या आसपासही तसेच टोन दबा धरून असतात. डिथरला ही सोबत ठरू शकते, पर्याय नाही.

११. दुसऱ्या किंवा चौथ्या ऑर्डरचा मॉड्युलेटर घेतला तर टोन जातात का?

ऐकू येणाऱ्या पट्ट्यातले खूप कमी होतात. जास्त इंटिग्रेटर (बेरीज ठेवणारे भाग) असले की साचा अधिक गुंतागुंतीचा होतो आणि रेषा विखुरतात. पण क्लॉकच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीजवळचा टोन उंच ऑर्डरमध्येही दणकट राहतो. इनपुट शून्याजवळ असलं की आउटपुट + − + − असं डोलत राहणारच. छोटा डीसी असला की हा टोन नेमक्या निम्म्यावरून डीसीच्या प्रमाणात जरा सरकतो.

तो १.४ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं. पण संदर्भ व्होल्टेजच्या (ज्याच्या तुलनेत मोजमाप होतं त्याच्या) लाइनवर निम्म्या क्लॉकचा थोडाही अंश आला, उदाहरणार्थ बोर्डावर क्लॉकला दोनने भागणारा एखादा काउंटर असला, तर दोघांचा गुणाकार होतो आणि फरक खाली उतरतो. ०.००१ डीसीला तो फरक १४११ हर्ट्झ. मेगाहर्ट्झमधला टोन असा मागच्या दाराने कानात शिरतो. सिम्युलेशनमध्ये संदर्भ आदर्श असतो, म्हणून हे तिथे कधीच दिसत नाही. उपाय बोर्डावरच करावा लागतो: संदर्भाच्या पायाशी खेटून चांगला कपॅसिटर, डिजिटल आउटपुटच्या रेषा त्यापासून दूर, आणि निम्म्या क्लॉकची कोणतीही चौकोनी लाट बोर्डावर नको.

१२. मल्टिबिट घेतला, डिथर घातला, तरी टोन आहे. आता काय?

मल्टिबिटमध्ये आतल्या डॅकचे घटक तंतोतंत सारखे नसतात, म्हणून ते फिरवून वापरतात. १९९५ मध्ये बेअर्ड आणि फीझ यांनी मांडलेली डेटा वेटेड ॲव्हरेजिंग पद्धत यासाठी फार लोकप्रिय आहे: प्रत्येक वेळी मागे जिथे थांबलो तिथून पुढचे घटक वापरायचे. इनपुट स्थिर असलं की हे फिरणंही ठरावीक चक्रात अडकतं, आणि घटकांमधला फरक टोन बनून बाहेर येतो. म्हणजे साचा क्वांटायझरमधून हाकलला तर तो घटकांच्या रांगेत जाऊन बसला. फिरण्याच्या सुरुवातीच्या जागेत किंवा दिशेत मधूनमधून यादृच्छिक बदल केला की टोन मोडतो. त्याबदल्यात नॉइज थोडा वाढतो आणि तो सौदा परवडतो.

१३. सिम्युलेशनमध्ये टोन दिसतो, बोर्डावर नाही. उलटंही होतं. कोणावर विश्वास ठेवायचा?

बोर्डावर रेझिस्टर आणि स्विच-कपॅसिटरचा उष्णताजन्य नॉइज फुकटचा डिथर म्हणून काम करतो, म्हणून सिम्युलेशनमधला टोन तिथे बुजू शकतो. उलट प्रकाराचं कारण बहुधा प्रश्न ११ मध्ये सापडेल. दोन्हीकडे एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या दाखवणारा हिशोब) लांब घ्या. ६५,५३६ नमुन्यांच्या एफएफटीत नॉइजची रेघ एकूण नॉइजपेक्षा सुमारे ४५ डीबी खाली दिसते, आणि नमुने दुप्पट केले की आणखी ३ डीबी उतरते. टोन मात्र तिथेच उभा राहतो. विंडो (नमुन्यांची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावायला विसरू नका.

आणखी एक फसवा प्रकार: ऑपॲम्पचा गेन कमी असेल तर इंटिग्रेटर गळतो. मग अगदी लहान डीसीला मॉड्युलेटर दादच देत नाही, नुसता + − + − करत बसतो. स्क्रीनवर टोन नाही म्हणून आनंद होतो, पण तेवढ्या पातळीचा सिग्नलही गिळला गेलेला असतो.

१४. एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपवर) डिजिटल मॉड्युलेटर केला आहे. एलएफएसआरचा (यादृच्छिक भासणारे बिट देणाऱ्या शिफ्ट रजिस्टरचा) डिथर घातला तर ४३ हर्ट्झच्या पटींवर रेषा आल्या. का?

एलएफएसआर १६ बिटांचा आहे ना? तो ६५,५३५ पावलांनी परत पहिल्यावर येतो. २.८२२४ मेगाहर्ट्झला ही फेरी २३.२ मिलिसेकंदांत पुरी होते, म्हणजे सेकंदाला ४३ वेळा. डिथरच आवर्ती झाला. ३२ बिटांचा घ्या, एक फेरी सुमारे २५ मिनिटांची होईल.

डिजिटल मॉड्युलेटरची खोड मुळातली आहे. त्याच्या रजिस्टरांच्या अवस्था मोजक्या असतात, म्हणून स्थिर इनपुटला डिथरशिवाय तो कधी ना कधी चक्रात अडकणारच. ॲनालॉगला निदान उष्णताजन्य नॉइज तरी मिळतो, याला तोही नाही. दोन चॅनेलना एकच एलएफएसआर मात्र देऊ नका, दोन्ही कानांत एकच नॉइज जाईल आणि तो मधोमध ऐकू येईल.

१५. एकच चॅनेल चालू असला की स्वच्छ. दोन्ही चालू केले की मंद टोन, तोही सरकता. प्रत्येक चॅनेल वेगळा तपासला तर दोष सापडत नाही.

दोष दोघांच्या मधला आहे. दोन्ही चॅनेलचे निम्म्या क्लॉकजवळचे टोन आपापल्या ऑफसेटप्रमाणे किंचित वेगळ्या जागी असतात. संदर्भ किंवा सप्लाय सामाईक असेल तर एकाचा टोन दुसऱ्यात शिरतो आणि दोघांचा फरक ऐकू येतो. एकाचा ऑफसेट ०.००१ आणि दुसऱ्याचा ०.०००६ असेल तर फरक ०.०००४, आणि त्याला निम्म्या क्लॉकने गुणलं की ५६४ हर्ट्झ. एका चॅनेलचा ऑफसेट हलवून बघा. टोन हलला तर निदान पक्कं.

दोन्ही चॅनेलना संदर्भाचे वेगळे कपॅसिटर आणि चिपच्या पायापर्यंत वेगळी ग्राउंड वाट दिली की बहुतेक बोर्डांवर हा टोन नॉइजमध्ये बुडतो. बोर्ड आधीच छापून झाला असेल तर संदर्भाच्या पायाला दुसऱ्या बाजूने १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, शक्य तितक्या आखूड पायांनी, डाग देऊन पाहा. त्याने टोन काही डीबी जरी उतरला, तरी वाट संदर्भातूनच आहे हे कळतं आणि पुढच्या आवृत्तीत काय बदलायचं तेही.